पुणं घेतलं, पण गादी कुठाय? युद्धखेळात स्वारीचं राजकारण बसवण्याची रीत

ऐतिहासिक युद्धखेळ करायला नवीन मंडळी बसली की आधी नकाशा काढतात. मग षटकोनी घरं, तोफा, घोडदळ, फासे. आणि नियमपत्रकाच्या शेवटी एक ओळ: शत्रूची राजधानी घेतली की १० गुण, खेळ संपला.

या ओळीप्रमाणे २५ ऑक्टोबर १८०२ ला यशवंतराव होळकर जिंकले आणि विषय मिटला. ऐन दिवाळीत हडपसरपाशी त्यांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या, पुणं हाती आलं. पण पेशवे दुसरे बाजीराव निसटले. सिंहगड, मग कोकण, आणि तिथून इंग्रजांच्या आसऱ्यानं वसई. ३१ डिसेंबरला तिथं तह झाला. इंग्रजांची ६ पलटणींची तैनाती फौज पदरी घ्यायची, तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि बाहेरच्या कोणाशीही इंग्रजांना विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मे १८०३ मध्ये बाजीराव पुन्हा पुण्यात गादीवर आले, ते इंग्रजी फौजेच्या पहाऱ्यात. लढाई होळकरांनी मारली आणि फळ कलकत्त्यात बसलेल्या गव्हर्नर जनरलनं खाल्लं.

असं काही तुमच्या खेळात घडू शकतं का? दर वेळी घडायला हवं असं नाही, पण घडण्याची वाट तरी हवी. ती वाट कशी काढायची ते याच मोहिमेवर दाखवतो. मोहीम लहान आहे, पात्रं मोजकी आहेत, आणि पुणेकरांना मैदान बघायला लांब जावं लागत नाही. घोरपडी, वानवडी, हडपसर हा सगळा त्या लढाईचाच पट्टा. सिग्नलला अडकलात की आजूबाजूला बघून घ्या, तेवढंच सर्वेक्षण.

आधी माणसं, नकाशा नंतर

कोरा कागद घ्या आणि स्वारीची बातमी कळल्यावर कोणाकोणाला काहीतरी ठरवावं लागेल त्यांची नावं लिहा. लढणारे दोघे यात मोजायचे नाहीत, त्यांचं ठरलेलं आहे. आपल्याला हवेत ते तिऱ्हाईत. १८०२ साठी माझी यादी अशी: दौलतराव शिंदे (स्वतः उत्तरेत, पुण्याजवळची फौज सदाशिवराव बक्षींच्या हाताखाली), नागपूरचे रघूजी भोसले, निजाम, इंग्रज, बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव आणि साताऱ्याचे छत्रपती. बाजीराव लढाईपर्यंत पक्षकार असतात. लढाई हरली की तेही तिऱ्हाईतांच्या रांगेत येतात, कारण आता निवड त्यांना करायची असते.

सहा-सातच्या पुढे जाऊ नका. पटवर्धन, रास्ते, गायकवाड, सगळेच घालायचा मोह होतो. मग टेबलावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, आणि खेळायचं राहून जातं.

प्रत्येक नावापुढे त्या माणसाला स्वतःला काय हवंय ते एका ओळीत लिहा. राज्याला काय हवंय ते लिहायचं नाही. इथं नवखे हमखास चुकतात. दुसऱ्या बाजीरावांचा पट घ्यायला आमच्या टेबलावर कोणी तयार होत नसे, कारण नियमांत त्यांना 'मराठी राज्य टिकवा' असं उद्दिष्ट दिलेलं असायचं आणि ते कधीच साधत नसे. उद्दिष्ट बदलून 'कोणत्याही मार्गानं गादी परत मिळवा' असं केलं आणि तोच पट सगळ्यांना हवाहवासा झाला. त्या उद्दिष्टाप्रमाणे पाहिलं तर मे १८०३ ला बाजीराव जिंकलेले आहेत! खेळाडूला हा राग येतो, आला पाहिजे.

बदनामीचा एकच आकडा ठेवू नका

संगणकावरचे खेळ खेळून आलेल्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसलेली असते: मुलूख जिंकला की बदनामी वाढते आणि ती ठराविक मर्यादेपलीकडे गेली की जग अंगावर येतं. 'हार्ट्स ऑफ आयर्न ४' मध्ये सगळ्या जगाचा मिळून एक तणावाचा आकडा आहे. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' जास्त शहाणा. तिथं प्रत्येक देश तुमच्याबद्दल आपापला आकडा ठेवतो, जवळच्यांचा राग लवकर चढतो आणि चिडलेले शेजारी एकत्र येऊन आघाडी करतात. पण ते हिशेब यंत्र करतं. पुठ्ठ्याच्या खेळात चार माणसं चहा पीत बसलेली असतात, ती साठ देशांचे राग सांभाळणार नाहीत.

म्हणून नवखा डिझायनर सोपं करतो आणि एकच आकडा ठेवतो. मग त्या आकड्याची किंमत होऊन बसते. तीन बदनामी मोजली, बेल्जियम घेतलं. ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात उतरलं, बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणारा १८३९ चा तह पुढे करून. पण ब्रिटनला इंग्लिश खाडीपलीकडचा किनारा जर्मनीच्या हाती जाण्याचीही धास्ती होती. ती धास्ती नसती तर नुसत्या कागदासाठी किती धावले असते, हा प्रश्न खेळात उघडा राहिला पाहिजे. एकच आकडा तो बंद करतो.

तीन आकड्यांची चिठ्ठी

आता मुख्य काम. प्रत्येक तिऱ्हाइताच्या चिठ्ठीवर स्वारी करणाऱ्याबद्दलचे तीन आकडे लिहा, ० ते ५.

धास्ती: याच्या फौजेनं माझं काय बिघडू शकतं.
लालूच: यानं मला काय देऊ केलंय.
आकस: जुनं वैर.

चौथी गोष्ट आकडा नाही, नुसतं हो किंवा नाही. आसरा: स्वारी करणाऱ्याविरुद्ध जाऊन उभं राहायला दुसरं कोणी आहे का?

नियम एवढाच. आसरा असेल तर धास्ती आकसाच्या बाजूला मोजायची. आसरा नसेल तर लालचीच्या बाजूला. आकसाची बाजू जड झाली तर तिऱ्हाईत विरोधात जातो. लालचीची बाजू जड झाली तर वाकतो, निदान वाटेत येत नाही. बरोबरी झाली तर तो या टर्नला कुंपणावर.

हा सगळा खटाटोप धास्तीसाठी आहे. बहुतेक खेळांत भीती एकाच दिशेनं काम करते: एकतर सगळे घाबरून शरण येतात, नाहीतर सगळे घाबरून एकत्र येतात. प्रत्यक्षात घाबरलेला माणूस आधी दुसरं दार उघडं आहे का ते बघतो. स्वारीचा राजकीय निकाल त्या दारावर ठरतो, जिंकणाऱ्याच्या पराक्रमावर फारसा नाही.

नोव्हेंबर १८०२ चा टर्न मांडू. बाजीरावांची चिठ्ठी: होळकरांची धास्ती ५. आकस ४, कारण १८०१ मध्ये त्यांनी यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं आणि त्याचा सूड निघणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. होळकरांच्या खेळाडूनं 'परत या, गादी तुमचीच' म्हणून भरघोस लालूच दिली, समजा ४. इंग्रज आसरा द्यायला तयार असतील तर ५ आणि ४ मिळून ९ विरुद्ध ४. बाजीराव पळतात. आता इंग्रजांची चिठ्ठी टेबलावरून उचलून घ्या. ४ आणि ५ मिळून ९ विरुद्ध ४, पण उलट्या बाजूनं. बाजीराव पुण्यात परततात आणि होळकरांच्या तंत्रानं वागतात. तेच आकडे, तीच लढाई, एक दार बंद.

होळकरांच्या खेळाडूला हे कळलं की तो काय करतो? लालूच वाढवत बसायचं सोडतो आणि इंग्रजांकडे वळतो. खुद्द यशवंतरावांनी नेमकं हेच केलं होतं. पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंटला (दरबारातल्या इंग्रजांच्या वकिलाला), क्लोजला, त्यांनी मध्यस्थीसाठी धरून पाहिलं. तो दाद न देता मुंबईला निघून गेला. नियम सांगितलेला नसताना खेळाडू इतिहासातली चाल आपणहून खेळला, तर समजा नियम बरा उतरलाय.

एक पुरवणी लागते. ज्याच्याशी स्वतःचा आकस ३ हून जास्त आहे, त्याचा आसरा धरता येत नाही. ही ओळ वगळली तर १८०३ मध्ये होळकर, शिंदे आणि भोसले दर खेळात गळ्यात गळे घालतात. प्रत्यक्षात इंग्रजांविरुद्ध शिंदे आणि भोसले उतरले, सप्टेंबरात असई झाली, नोव्हेंबरात आडगाव, आणि होळकर बाजूला राहिले. ते इंग्रजांशी लढले १८०४ मध्ये, बाकीचे दोघे हरल्यावर. शिंद्यांनी इंदूर लुटलं होतं, होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांची फौज मोडली होती. तो आकस ५ धरला तरी कमीच.

गादी हा वेगळा काउंटर

राजधानी आणि राजा यांना एकाच घरात छापू नका. गादीचा काउंटर, म्हणजे सोंगटी, वेगळा करा आणि तो हलू द्या. शहर ज्याच्या हाती त्याला पैसा, धान्य, तोफखाना. गादी ज्याच्या हाती त्यालाच तह करता येतो आणि तोच दुसऱ्याला आसरा ठरू शकतो.

गादी नसलेल्या जेत्याला पर्याय द्या: दुसरा वारस बसवणं. होळकरांनी जुन्नरहून अमृतरावांना आणवलं आणि त्यांचा मुलगा विनायकराव याला पेशवा करण्याचा घाट घातला. पण पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून यायची असतात. म्हणून छत्रपतींची चिठ्ठी. फौजेच्या जोरावर सत्ता कोणाचीही असो, वस्त्रांशिवाय नव्या वारसाचा काउंटर पालथाच ठेवायचा: तो तह करू शकत नाही आणि तिऱ्हाईत त्याला धनी मानत नाहीत. वस्त्रं मिळाली तरी जुना धनी जिवंत आणि मोकळा असेपर्यंत टेबलावर दोन गाद्या असतात, आणि प्रत्येक तिऱ्हाईत आपल्याला सोयीची निवडतो. अमृतरावांनी शेवटी इंग्रजांशी जमवून ७ लाखांचा तनखा घेतला आणि काशीची वाट धरली. असा बाहेर पडायचा रस्ताही चिठ्ठीत ठेवा. उमेदवार स्वतःच विकला जाऊ शकतो, हे जेत्याला आधी माहीत असलं पाहिजे.

स्वारीच्या आधीचा टर्न

बहुतेक नियमपत्रकांत राजकारण लढाईनंतर सुरू होतं. त्याआधी एक पूर्ण टर्न ठेवा. त्यात फौज हलवायची नाही, फक्त चिठ्ठ्या बदलायच्या.

याचा नमुना म्हणजे मिर्झाराजे जयसिंग. शाहिस्तेखान पुण्यात येऊन बसला, चाकण घेतलं, लाल महालात राहिला आणि ५ एप्रिल १६६३ च्या रात्री बोटं गमावून बसला. त्या छाप्यात मुघल फौजेचं बळ नावापुरतं घटलं, पण बादशहानं खानाची रवानगी बंगालला केली. जयसिंग १६६५ मध्ये आले तेव्हा त्यांनी पुरंदरला वेढा घालण्याबरोबरच शेजाऱ्यांची दारं लावून घेतली. आदिलशाही, सिद्दी, पोर्तुगीज, लहानमोठे जमीनदार, सगळ्यांकडे माणसं आणि पत्रं. जूनमध्ये शिवाजी महाराजांना तह करावा लागला, २३ किल्ले गेले. आपल्या नियमाच्या भाषेत जयसिंगांनी 'आसरा' या खान्यात 'नाही' लिहून घेतलं आणि मग तोफा डागल्या.

काळाचं गणित

या मोहिमेला एक टर्न म्हणजे एक महिना बरा पडतो: ऑक्टोबर १८०२ ते मे १८०३, आठ टर्न. लढाई पहिल्याच टर्नला. तह तिसऱ्या टर्नच्या शेवटच्या दिवशी. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली पुण्यात पोचतो २० एप्रिलला, म्हणजे सातव्या टर्नला. मधली चार महिन्यांची पोकळी हाच होळकरांचा खेळ आहे. त्यात त्यांना दोन गाद्यांचा प्रश्न सोडवायचा, शिंद्यांना थोपवायचं आणि फौजेचा पगार भागवायचा.

म्हणून राजकीय निकाल लगेच लावू नका. तिऱ्हाइतानं निवड केली की चिठ्ठी पालथी घाला आणि ती पुढच्या टर्नला उघडा. लांबच्या दरबारांना दोन टर्न द्या. जिंकलेल्या खेळाडूला वाटत राहतं सगळं आलबेल आहे.

पगाराचा प्रश्न आलाच आहे तर खंडणीबद्दल दोनच वाक्यं. पुण्याच्या सावकारांकडून आणि पेठांमधून होळकरांनी जबर वसुली केली. खेळात दर वसुलीला पैसे द्या, पण अमृतराव आणि छत्रपती यांच्या चिठ्ठीवर आकस १ नं चढवा, कारण लुटलेल्या शहरावर त्यांनाच राज्य करायचं असतं.

दुसऱ्या सालावर घासून पाहा

नियम एका मोहिमेवर बसला म्हणून खरा झाला असं समजू नका. तो त्याच आकड्यांच्या रीतीनं दुसऱ्या सालाला लावा. मी तीन सालं वापरतो.

पहिलं १७७९. मुंबईकर इंग्रज राघोबादादांना पेशवा करायला बोरघाट चढून आले. फौज सुमारे ४ हजार, बरोबर बैलांचे अवजड तांडे, त्यामुळे चाल गोगलगायीची. सगळी भिस्त अशी की सरदार येऊन मिळतील. मिळालं कोणीच नाही. चिठ्ठी मांडा: धास्ती १, आकस २ (नारायणरावांच्या खुनाचा डाग), लालूच २, आसरा आहे, कारण नाना फडणवीस आणि महादजी एकत्र उभे आहेत आणि सवाई माधवरावांची गादी शाबूत आहे. ३ विरुद्ध २. सरदार हलत नाहीत, तळेगाव जळतं आणि वडगावला इंग्रजांना तह करावा लागतो. बरोबर येतंय.

दुसरं १६८९, हे अवघड. संभाजी महाराज मारले गेले, नोव्हेंबरात रायगड पडला. औरंगजेबाच्या बाजूनं धास्ती ५, मनसबीची लालूच ४, सरदारांचा आकस सरासरी ३. आसरा नसेल तर ९ विरुद्ध ३, सगळं संपलं. पण राजाराम महाराज एप्रिलमध्येच रायगडावरून निसटले आणि जिंजीला पोचले. गादीचा काउंटर जिवंत, आसरा 'हो', लगेच ८ विरुद्ध ४. त्यात एक गोष्ट आमच्या नियमात नव्हती, ती इथं सापडली: बचाव करणाऱ्यालाही लालूच देता आली पाहिजे. मुघल वतनं देत होते म्हणून राजाराम महाराजांनीही वतनं द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून दोन्ही बाजूंना बोली लावता येते, आणि बचाव करणाऱ्यानं दिलेलं वतन पुढच्या मोहिमेत त्याच्याच उत्पन्नातून कायमचं वजा होतं.

तिसरं १८१८. खडकी ५ नोव्हेंबर १८१७ ला झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण लागलं आणि बाजीराव पुन्हा पळाले. वरवर १८०२ चीच पुनरावृत्ती. पण आता आसरा देणारं कोणी उरलेलं नव्हतं, आणि पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं चिठ्ठ्या नीट वाचलेल्या होत्या. फेब्रुवारीत साताऱ्याला जाहीरनामा काढला: छत्रपतींना राज्य देऊ, आणि बाजीरावांची चाकरी सोडून जे दोन महिन्यांत घरी जातील त्यांची वतनं राहतील. जहागीरदाराची चिठ्ठी: धास्ती ४, लालूच ३, आकस ३, आसरा पळतोय. ७ विरुद्ध ३. त्याच महिन्यात आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. जूनमध्ये बाजीरावांनी ८ लाखांचा तनखा पत्करून बिठूरची वाट धरली.

यातलं एखादं साल उलटं आलं तर आकडे खेचून बसवू नका. नियमात काहीतरी राहिलंय.

टेबलावर बसताना

पहिले काही डाव नकाशाशिवाय खेळा. लढाईचा निकाल नाणं उडवून लावा आणि फक्त चिठ्ठ्या चालवा. अर्ध्या-पाऊण तासात कळतं की राजकारण स्वतःच्या पायावर उभं आहे का, की तोफांच्या मागे लपलंय. दरवेळी जिंकणाराच बुडत असेल तर तेही खोटं. मग शहाणा खेळाडू लढाई टाळतो, आणि युद्धखेळात कोणी लढतच नाही ही काही बरी अवस्था नव्हे. माझ्या हिशेबी होळकरांच्या चांगल्या खेळाडूला तीनातून एखाद्या डावात तरी बाजी मारता आली पाहिजे.

पुण्यात एक खास अडचण येते: वसईचा तह सगळ्यांना पाठ असतो. त्यामुळे होळकरांचा खेळाडू लढाईच्या आधीच कोकणातल्या वाटा अडवतो. त्याला इलाज म्हणजे इंग्रजांची चिठ्ठी अनिश्चित करणं. तीन कार्डं करा: एक तैनाती फौजेच्या हट्टाला पेटलेला गव्हर्नर जनरल (१७९८ मध्ये निजामाला त्यानं तसंच बांधून घेतलं होतं), एक खर्चाला घाबरणारं लंडन, एक टिपू-फ्रेंचांच्या धसक्यातून नुकतंच सावरलेलं आणि वाट पाहणारं मद्रास. डावाच्या सुरुवातीला एक पालथं घालायचं. आसरा आहे की नाही, हे बाजीरावांना दार ठोठावल्यावरच कळतं.

आणखी एक. पेशवे-होळकर म्हटलं की टेबलावर आडनावं जागी होतात. वाद रंगला तर रंगू द्या, पण चिठ्ठीवरचे आकडे खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठरवा आणि मग डाव संपेपर्यंत कोणी पेन हातात घ्यायचं नाही.

सामानाला फार खर्च नाही. अप्पा बळवंत चौकात जाड कार्डशीट आणि गोल स्टिकर मिळतात, छपाई साध्या झेरॉक्सवाल्याकडे होते. चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहा, आकडे सारखे खोडावे लागतात. नियमपत्रक पाठपोट एका पानात बसवा. बसत नसेल तर आधी लढाईचे नियम कापा, हडपसरची लढाई तशीही पहिल्याच टर्नला संपते.